जॉर्ज ऑर्वेल : दोन वह्यांचा साक्षीदार

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयामागे एक लांबट खोली आहे. तिथे दर शनिवारी दुपारी वाचक मंडळ भरते. गेल्या जुलै महिन्यात मी तिथे पहिल्यांदा गेलो, तेव्हा बराच वेळ दारातच उभा होतो. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. घरात पुस्तके म्हणाल तर एक पोथी, एक पंचांग आणि माझी क्रमिक पुस्तके. मंडळातली मंडळी मात्र नेमाडे, खांडेकर, गौरी देशपांडे ही नावे घरच्या माणसांची घ्यावीत तशी घेत होती. माझी पाळी आली तेव्हा मी एवढेच म्हणालो, की मला उद्याच्या वाईट जगाच्या कादंबऱ्या आवडतात. त्यांना डिस्टोपियन कादंबऱ्या म्हणतात, हे मला तेव्हा सरांकडूनच कळले. तृतीय वर्षाच्या एका ताईंनी विचारले, की आजच्या जगात काय कमी वाईट आहे म्हणून तू उद्याचे उसने आणतोस? सगळे हसले. मीही हसलो, पण उत्तर सुचले नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर समजावे.

उत्तर द्यायचे तर आधी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. प्रथम वर्षाची परीक्षा आटोपल्यावर उन्हाळ्याच्या सुटीत मी एका ठेकेदाराकडे हजेरी लिहायच्या कामावर होतो. कालव्याच्या दुरुस्तीचे काम होते. अक्षर बरे म्हणून मला घेतले; महिना चार हजार. वह्या दोन असत, एक कच्ची नि एक पक्की. सकाळी जे येतील त्यांची नावे कच्च्या वहीत. मुकादम सांगेल ती नावे पक्क्या वहीत. पक्क्या वहीत रोज हजर असणारी काही माणसे पुण्यात रिक्षा चालवीत होती. एक तर वारलेला होता. बेरीज जुळेना झाली, की खऱ्या माणसांपैकी कुणाचे तरी एखाद-दोन दिवस गळत. शनिवारी पक्की वही पुरी झाली, की कच्च्या वहीची पाने चहाच्या चुलीत जात. मला त्यात काही वावगे वाटत नव्हते. खरे सांगायचे तर वाटत होते, पण फार नाही.

आमच्या आळीतल्या एका मावशीचे तीन दिवस असेच गळले. पगाराच्या दिवशी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी आले होते, तूच माझ्या कळशीतले पाणी प्यालास, असे म्हणाली. मी वहीवर बोट ठेवले आणि सांगितले, की वहीत नाही. ते सांगताना क्षणभर मलाही वाटून गेले, की आली नसेलच.

त्यानंतर महिन्याभराने ऑर्वेलची '१९८४' ही कादंबरी माझ्या हाती पडली. इंग्रजी माझे कच्चे. एका पानाला अर्धा तास लागे, शेजारी शब्दकोश. त्या कादंबरीचा नायक विन्स्टन स्मिथ हा कुणी वीर नाही. तो सरकारी खात्यातला कारकून आहे. जुनी वर्तमानपत्रे काढायची, आजच्या सत्तेला न मानवणारा मजकूर बदलायचा, ज्याचा काटा काढला त्याचे नाव पुसायचे आणि मूळ कागद भिंतीतल्या एका भोकात टाकायचे. ते कागद आत कुठेतरी मोठ्या भट्टीत जळतात. इथे मी पुस्तक मिटले आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. मला ती चहाची चूल आठवली.

हे ज्याला सुचले तो माणूस कोण, असे वाटून मी त्याचे चरित्र शोधू लागलो. त्याने आपल्या मृत्युपत्रात, आपले चरित्र कुणी लिहू नये अशी इच्छा नमूद केली होती. ती पुढे कुणीच पाळली नाही आणि मीही पाळत नाही. शिवाय त्याला मी अरेतुरे करतो आहे, याचीही सरांनी क्षमा करावी. सहा महिने सोबत राहिल्यावर अहोजाहो जमेना.

त्याचे खरे नाव एरिक आर्थर ब्लेअर. जन्म २५ जून १९०३, बिहारमधल्या मोतीहारी येथे. म्हणजे जन्माने तो आपल्याच मातीतला. वडील रिचर्ड ब्लेअर हे ब्रिटिश सरकारच्या अफू खात्यात अधिकारी होते. शेतकऱ्यांकडून खसखशीचे पीक घ्यायचे, अफू तयार करायची, आणि ती चीनला जायची, असा तो व्यापार. आई आयडा ही ब्रह्मदेशात मौलमीनला वाढलेली, फ्रेंच वंशाच्या सागवान व्यापाऱ्याची मुलगी. १९०४ साली आई मुलांना घेऊन इंग्लंडला गेली. वडील मागे राहिले आणि १९१२ साली निवृत्त झाल्यावरच कायमचे घरी आले. मधल्या काळात ते फक्त एकदा रजेवर आले होते. घरच्या भाकरीत अफूचा पैसा होता, हे त्या मुलाला लहानपणी कळले असेल असे नाही. पण त्याचे पुढचे सगळे आयुष्य पाहिले, की ही गोष्ट विसरता येत नाही.

घर मध्यम वर्गातले, ऐट वरच्या वर्गाची आणि पैसा त्या मानाने कमी. ईस्टबोर्नच्या एका निवासी शाळेत त्याला फीत सवलत मिळाली होती आणि त्या सवलतीची जाणीव त्याला तिथे वरचेवर करून दिली गेली, असे त्याने पुढे लिहिले आहे. सवलतीवर शिकणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. पुढे शिष्यवृत्तीवर तो ईटनला गेला. तिथे काही काळ त्याला फ्रेंच शिकवायला ऑल्डस हक्सले होता. हाच हक्सले १९३२ साली 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' लिहिणार होता. उद्याच्या वाईट जगाच्या दोन सर्वांत गाजलेल्या इंग्रजी कादंबऱ्यांचे लेखक एकाच वर्गात, एक फळ्यापाशी आणि एक बाकावर! ईटनमध्ये ब्लेअरने अभ्यास मात्र यथातथाच केला आणि विद्यापीठात तो कधी गेलाच नाही.

१९२२ साली एकोणिसाव्या वर्षी, म्हणजे माझ्या आजच्या वयाचा असताना, तो इंडियन इम्पीरियल पोलिसात भरती होऊन ब्रह्मदेशात गेला. मंडालेला प्रशिक्षण, मग इरावतीच्या मुखाकडची ठाणी, रंगूनजवळचे इन्सिन, मौलमीन, शेवटी कथा. पाच वर्षे त्याने ही नोकरी केली. बर्मी भाषा शिकला, परीक्षा पास झाला. पण साम्राज्य म्हणजे काय ते त्याने आतून पाहिले : तुरुंगाच्या कोठड्या, फटक्यांचे वळ, फाशी. एका फाशीवर त्याने १९३१ साली एक छोटा लेख लिहिला. त्यात फाशी जाणारा कैदी वाटेतले डबके चुकवून पाऊल टाकतो. काही मिनिटांनी ज्याचा जीव जाणार तो माणूस पाय ओले होऊ नयेत म्हणून बाजूला सरकतो. एवढ्या एका हालचालीने लिहिणाऱ्याला आपण काय करतो आहोत ते उमगते. माझ्या मते ऑर्वेल लेखक झाला तो या डबक्यापाशी.

१९२७ साली तो रजेवर इंग्लंडला आला आणि परत गेलाच नाही. चांगल्या पगाराची, पेन्शनची सरकारी नोकरी सोडली. आमच्या घरी असे कुणी केले तर आठवडाभर चूल पेटणार नाही. त्याच्या वडिलांनाही ते रुचले नाही.

नंतरची काही वर्षे त्याने मुद्दाम हलाखीत काढली. लंडनच्या पूर्व भागात भटक्यांमध्ये राहिला, त्यांच्यासोबत रात्रीच्या आसऱ्यांत झोपला. १९२८ ते २९ पॅरिसला होता. तिथे पैसे चोरीस गेले आणि एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात भांडी घासायची पाळी आली. यावरचे पुस्तक जानेवारी १९३३ मध्ये निघाले तेव्हा आईवडिलांना कमीपणा नको म्हणून त्याने टोपणनाव घेतले. ऑर्वेल हे सफकमधल्या एका नदीचे नाव आहे. १९३६ साली तो उत्तर इंग्लंडात विगन व आसपासच्या कोळसा गावांत गेला, खाणीत उतरला. तो सहा फुटांहून उंच. खाणीत वाकून मैल-दीड मैल चालताना त्याची काय गत झाली ते मुळातून वाचण्यासारखे आहे. त्याच वर्षी जून महिन्यात त्याने आयलीन ओशॉनेसी हिच्याशी लग्न केले आणि वॉलिंग्टन नावाच्या खेड्यात किराणा मालाचे छोटे दुकान चालवीत, बकऱ्या-कोंबड्या पाळीत दोघे राहू लागली. आयलीन ऑक्सफर्डची पदवीधर. तिने १९३४ साली, त्याची ओळख होण्यापूर्वी, आपल्या शाळेच्या अंकासाठी एक भविष्यकाळावरची कविता लिहिली होती आणि तिच्या शीर्षकात १९८४ हा आकडा होता. नवऱ्याने आकडा तिथून घेतला का, यावर विद्वान वाद घालतात. मला वाटते घरात असेच होते. कुणाचे काय ते कळत नाही, आणि नाव एकाचेच लागते.

आता स्पेनबद्दल लिहितो, कारण ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

१९३६ साली स्पेनमध्ये जनरल फ्रँकोने निवडून आलेल्या सरकारविरुद्ध बंड केले. देशोदेशीचे तरुण त्या सरकारच्या बाजूने लढायला गेले. ऑर्वेल डिसेंबरात बार्सिलोनाला पोचला आणि पोऊम नावाच्या एका लहान डाव्या पक्षाच्या सैन्यदलात शिरला. हा पक्ष स्टालिनच्या विरोधातला होता. अरागॉनच्या थंड टेकड्यांवर काही महिने त्याने खंदकात काढले. मे १९३७ मध्ये रजेवर बार्सिलोनाला आला, तर सरकारच्या बाजूचेच गट एकमेकांवर गोळ्या झाडत होते. तीन दिवस तो एका सिनेमागृहाच्या गच्चीवर पहाऱ्याला बसून होता. काय घडले ते त्याने डोळ्यांनी पाहिले. आणि मग इंग्लंडची वर्तमानपत्रे हाती आली, त्यांत निराळेच छापलेले. पोऊमची माणसे फ्रँकोची हस्तक आहेत, त्यांनीच कट केला, असे. खंदकात त्याच्याशेजारी कुडकुडणारी सतरा-अठरा वर्षांची पोरे छापील कागदावर देशद्रोही झाली होती.

२० मे रोजी हुएस्काजवळ शत्रूच्या बंदूकधाऱ्याने त्याचा गळा टिपला. खंदकाच्या कडेवर डोके वर राहील एवढी उंची, तीच नडली. गोळी मानेतून आरपार गेली, मोठी रक्तवाहिनी थोडक्यात वाचली. जूनमध्ये पोऊमवर बंदी आली, सहकाऱ्यांची धरपकड सुरू झाली, आणि बरा होत असलेला ऑर्वेल रात्री पडक्या चर्चमध्ये, मोकळ्या जागेत झोपून दिवस काढू लागला. २३ जूनला तो व आयलीन आगगाडीने सरहद्द ओलांडून फ्रान्सला निसटले. ते गेल्यावर या नवरा-बायकोवर राजद्रोहाचे आरोपपत्र तयार झाले होते. तो कागद अनेक वर्षांनी संशोधकांना सापडला. त्याला स्वतःला तो कधी दिसलाच नाही. म्हणजे पक्क्या वहीत त्याचेही नाव चढले होते.

इंग्लंडला परतल्यावर आपण पाहिले ते सांगू लागला, तर ऐकणारे मिळेनात. गोलान्झ या त्याच्या प्रकाशकाने पुस्तक लिहून होण्याआधीच नकार दिला. एका डाव्या साप्ताहिकानेही त्याचा लेख परत केला. लक्षात घ्या, हे त्याचे विरोधक नव्हते, आपल्याच बाजूची माणसे होती. खरे सांगितले तर शत्रूला फायदा होईल, असे त्यांचे म्हणणे. 'होमेज टू कॅटलोनिया' शेवटी दुसऱ्या प्रकाशकाकडून एप्रिल १९३८ मध्ये निघाले. प्रती १५०० काढल्या; त्याही त्याच्या हयातीत खपल्या नाहीत.

दुसऱ्या महायुद्धात क्षयाने पोखरलेल्या छातीमुळे त्याला सैन्यात घेतले नाही. ऑगस्ट १९४१ मध्ये तो बीबीसीच्या पूर्व विभागात रुजू झाला. काम काय, तर हिंदुस्थानातल्या श्रोत्यांसाठी भाषणे नि वार्तापत्रे. इथे आपला थेट संबंध येतो. दर आठवड्याची युद्धाची वार्तापत्रे तो इंग्रजीत लिही. काही इंग्रजीत वाचली जात, काहींची भाषांतरे होत, आणि त्या भाषांत गुजराती, बंगाली, तमिळ यांच्या जोडीला मराठीही होती. अशी दोनशेच्या वर वार्तापत्रे त्याने लिहिली. त्याच्या हाताखाली एक मराठी बाई काम करीत होत्या, वेणू चितळे. जन्म १९१२, कोल्हापूरकडच्या शिरोळच्या. मराठी प्रसारणात त्यांचा मोठा वाटा होता. पुढे भारतात परतल्यावर 'इन ट्रान्झिट' ही त्यांची इंग्रजी कादंबरी १९५० साली मुंबईला प्रसिद्ध झाली. १९४२ सालचे एक छायाचित्र आहे : टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद, नारायण मेनन वगैरे मंडळी ध्वनिक्षेपकाभोवती बसली आहेत, त्यांत साडी नेसलेल्या वेणूताई, आणि मागे उभा उंच, हडकुळा ऑर्वेल. मी ते छायाचित्र आईला दाखवले. तिने फक्त वेणूताईंकडे बोट दाखवून, ही आपली का, असे विचारले.

हे काम त्याने मन लावून केले, पण त्याला ते खुपतही होते. तो हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याच्या बाजूचा होता आणि बोलत होता ब्रिटिश सरकारच्या नभोवाणीवरून. १९४२ च्या ऑगस्टमध्ये गांधीजी व काँग्रेसचे पुढारी तुरुंगात गेले, तेव्हाही वार्तापत्र चालूच राहिले. प्रत्येक संहितेवर दोन शिक्के लागत, एक धोरणाचा नि एक सुरक्षिततेचा; त्यानंतरच ती ध्वनिक्षेपकासमोर जाई. खोटे सांग असे त्याला रोज कुणी म्हणत नव्हते. पण काय गाळायचे ते ठरलेले होते. गळ्याच्या जखमेने त्याचा आवाज कायमचा बसलेला, तरी तो स्वतःही वार्तापत्रे वाची. इतके कार्यक्रम करूनही त्याच्या आवाजाचे एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. आपण ज्यांच्यासाठी बोलतो त्यांतले फारसे कुणी ऐकत नाही अशी त्याची खात्री झाली आणि नोव्हेंबर १९४३ मध्ये त्याने ती नोकरी सोडली.

'१९८४' मधले सत्य खाते वाचताना ही दोन वर्षे डोळ्यांसमोर ठेवावीत. त्या खात्याची प्रचंड पांढरी इमारत लंडन विद्यापीठाच्या सेनेट हाउसवरून घेतली, असे समजतात. युद्धकाळात तिथे माहिती मंत्रालय होते आणि आयलीन त्याच मंत्रालयाच्या सेन्सॉर विभागात काम करीत होती. कादंबरीतल्या उपाहारगृहातल्या कोंदट वासापर्यंत सगळे त्याने नोकरीत अनुभवलेले. म्हणून त्याची दहशत आकाशातून पडलेली वाटत नाही. ती ऑफिसातली आहे.

बीबीसी सोडताच त्याने 'अ‍ॅनिमल फार्म' लिहायला घेतले आणि तीन-चार महिन्यांत संपवले. स्टालिनच्या राज्यावरची ही प्राण्यांची गोष्ट. रशिया तेव्हा ब्रिटनचा दोस्त, त्यामुळे प्रकाशकांनी हात झटकले. गोलान्झचा नकार, केपचा नकार, फेबरचाही. आणि फेबरच्या वतीने नकाराचे पत्र लिहिणारा एलियट, ज्याला ऑर्वेलने नभोवाणीवर बोलावले होते. केप आधी राजी होता, पण माहिती मंत्रालयातल्या एका अधिकाऱ्याच्या सल्ल्याने मागे फिरला. तो अधिकारी रशियाचा हेर होता असे पुढे उघडकीस आले. ही गोष्ट कादंबरीत घातली असती तर समीक्षकांनी ओढूनताणून आणली म्हटले असते. जून १९४४ मध्ये त्यांच्या घरावर उडता बाँब आदळला, तेव्हा हस्तलिखित ढिगाऱ्यातून काढावे लागले. पुस्तक निघाले १७ ऑगस्ट १९४५ रोजी आणि ऑर्वेलला पहिल्यांदा पैसा मिळाला.

तो पाहायला आयलीन नव्हती. २९ मार्च १९४५ रोजी शस्त्रक्रियेच्या टेबलावर भूल दिली असतानाच ती गेली. तो तेव्हा युद्धवार्ताहर म्हणून युरोपात होता. दोघांनी जून १९४४ मध्ये दत्तक घेतलेला रिचर्ड जेमतेम दहा महिन्यांचा होता. मूल परत द्यावे असे काहींनी सुचवले. त्याने ते ऐकले नाही.

१९४६ च्या मे महिन्यात तो स्कॉटलंडच्या जुरा बेटावर बार्नहिल नावाच्या एकाकी घरात राहायला गेला. वीज नाही, दूरध्वनी नाही, शेवटचे काही मैल कच्चा रस्ता. त्याच वर्षाच्या जानेवारीत त्याने झाम्यातिन या रशियन लेखकाच्या 'वुई' या कादंबरीवर लेख लिहिला होता. झाम्यातिन जहाजबांधणीचा इंजिनिअर. त्याने १९२० च्या सुमारास काचेच्या घरांचे, नावाऐवजी क्रमांक असलेल्या माणसांचे राज्य रंगवले, आणि क्रांतीच्या देशात ते छापू दिले गेले नाही. ऑर्वेलने त्याचे ऋण लपवले नाही. ('वुई' आपल्या ग्रंथालयात नाही. मागणीपत्र दिले आहे.)

जुरावर त्याने '१९८४' लिहिली. आधीचे नाव युरोपातला शेवटचा माणूस अशा अर्थाचे होते. १९४७ च्या अखेरीस तो ग्लासगोजवळच्या हेअरमायर्स रुग्णालयात गेला; दोन्ही-चारी महिने नव्हे, तब्बल सात महिने. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचे नवे औषध अमेरिकेहून मागवले. त्याच्या अंगाची कातडी निघू लागली, तोंडात फोड आले, औषध थांबवावे लागले. उरलेले औषध दुसऱ्या रुग्णांना दिले आणि ते बरे झाले. जुलै १९४८ मध्ये तो परत बेटावर गेला. हस्तलिखित खाडाखोडीने इतके भरलेले, की त्याच्याशिवाय कुणाला वाचता येईना, आणि टंकलेखिका एवढ्या दूर यायला तयार होईना. शेवटी स्वतःच, बराचसा अंथरुणात बसून, तापात, खोकत त्याने ते टंकलिखित केले. डिसेंबरात काम झाले, जानेवारी १९४९ मध्ये तो क्रॅनहॅमच्या आरोग्यधामात दाखल झाला. कादंबरी ८ जून १९४९ रोजी प्रसिद्ध झाली.

इथे एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच क्रॅनहॅमच्या खाटेवरून त्या वसंतात त्याने ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या एका विभागाला ३८ नावांची यादी दिली. हे लेखक, पत्रकार, कलावंत कम्युनिस्टांकडे झुकलेले आहेत, प्रचाराच्या कामात यांच्यावर भरवसा ठेवू नये, अशा अर्थाची. यादी २००३ साली लोकांपुढे आली. त्याचे चाहते म्हणतात, त्यात कुणाला अटक झाली नाही, केवळ काम देऊ नका असे सांगितले होते. शिवाय तो मरणाच्या दारात होता. असेल. मला हे वाचून दोन दिवस वाईट वाटले. पण मी पुस्तक फेकून दिले नाही. ज्याने विन्स्टन लिहिला त्याच्या हातून यादीही लिहिली गेली; या कामाला बसलेला माणूस आपण बरोबरच करतो आहोत असे समजतो, हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक होते? तरी लिहिली. कामच देऊ नका, ही शिक्षा ज्यांना हलकी वाटते त्यांनी आमच्या गावी येऊन पाहावे.

१३ ऑक्टोबर १९४९ रोजी लंडनच्या रुग्णालयात, खाटेवरच त्याने सोनिया ब्राउनेलशी दुसरे लग्न केले. २१ जानेवारी १९५० रोजी तो वारला. वय ४६. ऑक्सफर्डशायरमधल्या सटन कोर्टनी येथे त्याची कबर आहे. दगडावर एरिक आर्थर ब्लेअर एवढेच नाव नि तारखा आहेत. जॉर्ज ऑर्वेल हे नाव त्या दगडावर कुठेही नाही.

ताईंच्या प्रश्नाचे उत्तर मी एवढेच देऊ शकतो, की मी उद्याचे काही उसने आणले नाही. ती कादंबरी वाचण्याआधी माझ्याजवळ दोन वह्या होत्या आणि त्यांना काय म्हणायचे ते मला माहीत नव्हते.

दिवाळीच्या सुटीत मी मावशीकडे गेलो. शिष्यवृत्तीतून तीन दिवसांची मजुरी बाजूला काढली होती, ती तिच्यापुढे ठेवली. तिने पैसे कसले ते विचारले. मी सांगितले. तिने ते मोजले, पदराला बांधले आणि म्हणाली, की वहीत घातलेस का? वही माझ्याजवळ नाही, ठेकेदाराकडे आहे, असे मी म्हणालो. मग मी तिला विचारले, की महाविद्यालयाच्या छापील अंकात हे सगळे लिहू का, आणि तुझे पूर्ण नाव घालू का, त्या तीन तारखांसकट. ती बराच वेळ गप्प राहिली. छापलेले तो ठेकेदार वाचेल का, असे तिने विचारले. मी म्हणालो, वाचेलसे वाटत नाही, पण कुणी दाखवू शकेल. तेव्हा ती म्हणाली, की माघानंतर त्याचे पुन्हा काम निघणार आहे, नाव नको घालूस.

म्हणून घातलेले नाही.